माझी घटती उंची आणि माठातला गज

त्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळपर्यंत बोटभर संपत होतो.

वजनाचं म्हणत नाही, उंचीचं म्हणतोय. वजन गेलं तर चार भाकरी जास्त खाऊन परत आणता येतं. उंची गेली तर माणसानं दाद कुठे मागायची?

सुरुवात माझ्या साडूनं केली. माझ्या बहुतेक दुखण्यांची सुरुवात तोच करतो. तो कुर्डुवाडीला शाळेत सायन्स शिकवतो, म्हणून आमचं सगळं सासर त्याला कौतुकानं 'मास्तर' म्हणतं. आणि मी? मंद्रूपच्या बाजारात खांद्यावर ठाणं टाकून कापड विकलं, त्यातून सोलापुरात स्वतःचं दुकान उभं केलं, तर मला म्हणतात 'कापडवाले'! (हे मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.)

तर मे महिन्याच्या सुट्टीत हा मास्तर आमच्याकडे राहायला आला. दुकानाच्या मागंच आमचं घर. सकाळी चहा पिता पिता म्हणतो कसा, "कापडवाले, तुमच्यापेक्षा मी उंच हाय बरं का. सासऱ्यांनी मला उंची बघून पोरगी दिली."

"आणि मला काय बघून दिली?"

"तुमाला? घासाघीस ऐकून कंटाळले असतील बिचारे!"

माझं डोकं तापलं. कप आपटला आणि दुकानातून कापड मोजायचा पोलादी गज आणला. सरकारनं मीटर आणून बरीच वर्षं झाली होती, तरी गिऱ्हाईक भाव जुन्या वारावरच विचारायचं आणि आम्ही मीटरच्या पट्टीलाही गजच म्हणायचो. त्या गजावर माझा फार विश्वास. देवाबद्दल मला कधीमधी शंका आलेली आहे, गजाबद्दल नाही.

दोघं पाळीपाळीनं चौकटीला पाठ लावून उभे राहिलो. माझ्या मुलीनं, कमळीनं, डोक्यावर पाटी आडवी धरून खडूची खूण केली आणि गजानं मोजलं. मी अर्ध्या बोटानं उंच! (खुणा आईनं लगेच पदरानं पुसल्या. चौकटीवरच्या हळदीकुंकवाशेजारी तिला खडू खपत नाही.)

"सकाळचं माप खरं न्हाय," मास्तर गालात हसत म्हणाला. "संध्याकाळी बघू की."

हरलेलं गिऱ्हाईक असंच बोलतं, हे मला अनुभवानं ठाऊक. मी दुकानात गेलो. लग्नसराई होती; दिवसभर उभ्यानं ठाणं काढली, उलगडली, फेकली, गुंडाळली, गठ्ठे उचलले. मास्तर दिवसभर आमच्या खाटेवर लोळत होता. पाणीसुद्धा त्यानं कुशीवर वळून प्यायलं.

संध्याकाळी परत मोजलं. मास्तर अर्ध्या बोटानं उंच! त्याची वाढ झाली नव्हती. मीच कमी भरलो होतो.

"आता कसं?" एवढंच म्हणून तो संध्याकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला निघून गेला. मागं उरलो मी. तोही पुरता नाही!

आईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि कपाळाला हात लावला. "गुंडू, तुझा बाप बी जायच्या आदी असाच आखूड झाला हुता."

"अहो आत्याबाई," माझी बायको शकू म्हणाली, "मामंजी म्हातारपणानं वाकले होते."

"वाकले न्हवते गं, आटले हुते! हिरीवानी!"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद केल्यावर मोजलं, कमीच. तिसऱ्या दिवशीही तेच. शकूनं दुधात तूप घालून दिलं, शेवग्याच्या शेंगांची आमटी केली, तिळाच्या तेलानं पाठ चोळली. दिवसभर मी तेलाचा वास घेऊन धोतरजोड्या विकायचो आणि संध्याकाळी बोटभर कमी भरायचो.

भीतीनं माझा स्वभाव बदलला. मंडईत गेलो, भाजीवालीनं वांग्यांचा भाव सांगितला, मी म्हणालो, "दे." ती दचकली. तिनं तागडी खाली ठेवली.

"शेट, बरं न्हाय का?"

"बरं आहे. दे."

"भाव लई सांगितलाय मी!"

"असू दे."

दुपारी ती बाई कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी आली आणि शकूजवळ बसून रडली. "वैनी, शेटनी घासाघीस केली न्हाय वो! माणूस जायला लागलं की असंच होतंय!" मग शकूही रडली. एका गिऱ्हाइकाला मी मागितल्या भावात पातळ दिलं, तेव्हा त्यानं पिशवीत घालायच्या आधी ते उलगडून भोकं शोधली.

अशात एका सकाळी, दात घासायच्या आधीच, शकूनं मला धरून चौकटीला उभं केलं आणि मोजलं. पुरता! बोटभर उंची परत आलेली! मी आनंदानं आईला हाक मारली. आईचा चेहरा पांढरा पडला.

"दिवसा घटतोस आन् रातच्याला वाढतोस? अय्यय्यो! ह्ये माणसाचं लक्षण न्हाय गुंडू. ह्ये भाईरचं हाय!"

त्या दिवसापासून माझ्या गळ्यात लिंबू, दंडाला काळा दोरा आणि उशाशी विळा. विळ्याच्या भीतीनं मला झोप लागेना, ती वेगळीच.

शेवटी मला वाटलं, हे आपल्या एकट्यालाच होतंय का ते बघू. सकाळी उठल्या उठल्या सगळ्यांना मोजून ठेवलं आणि संध्याकाळी परत शकूला मोजलं. कमी! कमळी कमी! आईला जबरदस्तीनं उभं केलं. "मला न्हाई मोजायचं!" म्हणून ती ओरडत होती, पण तीही सकाळपेक्षा कमी! (अगदी थोडी. तिच्यात आटायला उरलं होतं काय!) एकटा मेलो असतो तर चाललं असतं. इथं सगळं घरच विरघळत होतं! शकूनं कमळीला पोटाशी धरलं. सगळे एकमेकांकडे बघत बसलो, कोण आधी दिसेनासं होतंय म्हणून!

आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. मास्तर एकदा आमच्यावर शहाणपणा झाडताना म्हणाला होता, उन्हानं लोखंड वाढतं, म्हणून रेल्वेच्या रुळांत फट ठेवतात. लोखंड! गज! सोलापूरच्या मे महिन्यात दिवसभर तापून माझा गज लांब होत असणार. लांब गजानं मोजलं की माणूस कमी भरणारच! सकाळी गज थंड, माणूस पुरता!

"शकू! आपण धड आहोत! गज वाढलाय!"

शकूनं देवापुढं साखर ठेवली. मी खळखळून हसलो, आणि हसता हसता थांबलो. गज वाढला, म्हणजे मी मीटर म्हणून मीटरपेक्षा जास्त कापड फाडून देत होतो! अख्खी लग्नसराई! अख्ख्या जिल्ह्याला! मला दरदरून घाम फुटला. खरं सांगतो, मरणाची भीती परवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गज पिण्याच्या पाण्याच्या माठात उभा केला. गिऱ्हाईक आलं की बाहेर काढायचा, कापड मोजायचं, परत माठात. टेंभुर्णीहून एकजण शर्टाचं पॉपलिन घ्यायला आला होता.

"शेट, कापड वलं हाय की ह्ये!"

"थंडावा आहे. उन्हाळ्याचा खास माल."

"आन् टिपकं बी पडत्यात!"

"पुढं जा मग! समोरच्या दुकानात कोरडं मिळतं!"

तो खरंच गेला. त्याच्यामागं आणखी दोघं गेले. संध्याकाळी माठातला गारेगार गज काढून मी स्वतःला मोजलं. एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर निदान पुरता भरेन?

बोटभर कमी.

म्हणजे गज निर्दोष होता. आम्हीच संपत होतो.

दुसऱ्या सकाळी दुकान उघडलं नाही. शकूला घेऊन कुर्डुवाडीची गाडी धरली. बसायला जागा नव्हती, उभ्यानंच गेलो. प्रत्येक धक्क्याला आपण आणखी थोडे खचतोय असं मला स्पष्ट जाणवत होतं. ज्याचं तोंड बघायचं नाही त्या साडूच्या दारात उभा राहिलो आणि दुकानाची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"मास्तर, माझं काही खरं नाही. घरचे सगळेच जरा जरा कमी होतायत. पण त्यातून कमळी राहिली तर तिला बघा."

मास्तरनं सगळं ऐकून घेतलं. आधी त्याचे खांदे हलले, मग पोट हललं, मग तो चक्क जमिनीवर बसला.

"अवो, पाठीच्या मणक्यांमधी गाद्या असत्यात! दिवसभर उभं राहिलं की दबत्यात, आडवं झालं की परत फुगत्यात. सगळी दुनिया सकाळी उंच आन् संध्याकाळी ठेंगणी! तुमीच काय, कलेक्टर बी!"

मी आधी महत्त्वाचं विचारलं. "आणि गज? गज वाढत नाही?"

"वाढतो की. केसा-दोन केसाएवढा."

"मग मी मरणार नाही?"

"मराल की! पण ह्यानं न्हाय."

मला इतकं हायसं वाटलं, की रागवायला चक्क उशीर झाला. "मग त्या दिवशीच का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर हरलो असतो की! दिवसभर खाटेवर मी काय हौसेनं लोळत हुतो? घामानं पाठ चिकटली हुती माझी!"

किल्ली त्याच्या हातातून हिसकावली आणि चहा न घेता निघालो. अजून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलतो.

परतीच्या गाडीत मात्र जागा मिळाली. मी शकूला म्हणालो, "एक ध्यानात ठेव. पुढं कधी मी गेलो, तर माझ्या अंगावर घालायच्या शेवटच्या कापडाचं माप संध्याकाळी घ्यायचं. बोटभर वाचेल."

शकू खिडकीबाहेर बघत होती. "बरं. आपल्याच दुकानातून फाडून घेऊ ना?"

"छे! समोरून आण. आपल्याकडं महाग पडतं."