साळवे सरांच्या कोळ्याचं घर

आम्ही जुन्या कॉलेजातली चारपाच मंडळी कुठे लग्नाकार्यात भेटलो, की ताटं मांडून होईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "बाई, तो कोळी सांगा." मी दरवेळी ठरवते की आता पुरे. त्या कोळ्याने चार महिने माझं डोकं खाल्लं, आता उरलेलं आयुष्य तरी त्याच्याशिवाय जावं! पण एक सांगितलं की त्याला लागून दुसरं आठवतं, आणि दुसरं सांगताना कुणीतरी तिसऱ्याची आठवण करून देतं. वरण निवून जातं.

बहात्तरचा दुष्काळ होता. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज. प्राणिशास्त्र विभागात माणसं तीनच. विभागप्रमुख साळवे सर, डेमॉन्स्ट्रेटर मी, आणि शिपाई दगडूमामा. त्या वर्षी विद्यापीठाची समिती येणार होती. तिने होकार दिला तर आमच्याकडे बी.एस्सी.चा स्पेशल विषय सुरू होणार आणि माझी तात्पुरती जागा कायम होणार. नाहीतर जूनमध्ये मी घरी. घरी माझ्यासाठी स्थळं बघणारे लोक टपूनच बसले होते, त्यामुळे मला ही नोकरी हवी म्हणजे हवीच होती.

आणि साळवे सरांनी अर्जात काय लिहून पाठवावं? 'विभागात जिवंत प्राणी पाळून निरीक्षण करण्याची सोय आहे.' सोय म्हणजे माशांची एक काचपेटी. दुष्काळात तिला पाणी कुठून आणणार? मासे कधीच संपले होते. मी सरांना म्हटलं, आता समितीला काय दाखवायचं? सर शांतपणे म्हणाले, "पाण्यावाचून जगेल असं काहीतरी पाळू."

*

दगडूमामांची बहीण सुप्याच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावर होती. मुरूम खणताना तिथे बिळातून तळहाताएवढा केसाळ कोळी निघाला. पुस्तकात त्याला टॅरंटुला म्हणतात. कामावरच्या बाया पाट्या टाकून पळाल्या, पण मामांच्या बहिणीने त्याच्यावर डालडाचा रिकामा डबा पालथा घातला आणि भावाला निरोप धाडला. सरांनी मामांना त्याच दिवशी रवाना केलं.

मामा एस.टी.ने परत आले ते डबा छातीशी धरून, आणि माझ्या हातात दोन तिकिटं ठेवली. मी विचारलं, तुमच्याबरोबर कोण होतं?

"कंडक्टर म्हनला, किती जन? म्या म्हनलो, म्या आन् कोळी. त्यानं दोन फाडली."

"आणि तुम्ही घेतलीत?"

"मंग काय, त्याला खिडकीजवळ बसवला."

*

डबा झाला, आता राहायला जागा हवी. प्राचार्यांनी नुकताच फतवा काढला होता की ऑफिसचा सगळा व्यवहार मराठीतून व्हावा. मला केज या शब्दाला पिंजरा लिहायचं जिवावर आलं, कारण त्याला गज नव्हते. म्हणून मी अर्जात लिहिलं, 'विभागातील कोळी यांस राहण्याची सोय नाही, तरी नवीन घर मंजूर व्हावे.' साधं 'यास' सोडून मी मानाचं 'यांस' का घातलं, ते आता देवालाच ठाऊक.

हेडक्लार्क बोठे भाऊसाहेब. माणूस सरळ, पण कागदाबाहेर जग असतं हे त्यांना मान्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. खाली लाल शाईत शेरा होता : 'सदर कोळी यांचे नाव हजेरीपटावर दिसत नाही. नेमणुकीचा आदेश जोडावा.'

मी तणतणत ऑफिसात गेले. भाऊसाहेबांना सांगितलं की अहो, कोळी म्हणजे जाळं विणतो तो. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "जाळं विणू द्या की. पण सुट्टीत विणावं."

मग मी दुसरा अर्ज केला आणि त्यात घराचं मापही लिहिलं, दोन फूट बाय दीड फूट. त्यावर भाऊसाहेब स्वतः जिना चढून वर आले. माणसाला दीड फुटात ठेवता, तुमच्या खात्यात काय चाललंय, म्हणून ते चांगलेच तापले होते. मी त्यांच्यासमोर डालडाच्या डब्याचं झाकण उघडलं.

घर त्याच दुपारी मंजूर झालं.

*

घर करायला सुतार आला तो शिंगणापूरकडचा. हात गुणी होता त्याचा. मी सगळं नीट समजावलं. पुढे काच, वर बारीक जाळी, खाली वीतभर मुरूम मावेल इतकी खोली, बाजूला दार. त्याने मान हलवली आणि आठ दिवसांनी घेऊन आला. सागाचं, पॉलिश केलेलं, कोपरे असे घट्ट बसवलेले की मुंगी शिरणार नाही. आणि बाजूला छान कोरीव चौकट. चौकटीत दारच नाही!

मी म्हटलं, दार कुठे आहे?

तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मीच काहीतरी भलतं बोलले. "बाई, आमच्याकडं घराला दार नसतंय. देवाची राखन हाय. काई चोरीला जात न्हाई."

"अहो, चोर आत यायची भीती नाही. हा बाहेर येईल!"

त्याने बराच विचार केला. मग खिशातून माझीच चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. त्यात माप होतं, काच होती, जाळी होती आणि वर ठळक लिहिलं होतं, 'घर'. दार हा शब्द मी तोंडी सांगितला होता.

"कपाट लिव्हलं असतं, तर दार बसवलं असतं," तो म्हणाला. चूक माझी होती हे त्याने इतक्या समजुतीने सांगितलं, की मला रडू यायचं बाकी राहिलं. शेवटी त्याने चौकटीला सरकती फळी लावून दिली. पण तिला दार म्हणायला तो तयार नव्हता. ती 'फळी'च राहिली.

*

आता कोळ्याला डब्यातून घरात हलवायचं होतं. साळवे सरांचं म्हणणं असं, की जनावराला ढकलायचं नाही, त्याच्या मनाने जाऊ द्यायचं. डबा आडवा करून चौकटीला लावला आणि आम्ही बसलो. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. कोळी डब्याच्या तळाशी बसून राहिला. मी प्रॅक्टिकल घेतेय, मुलं बेडूक चिरताहेत, आणि माझा एक डोळा डब्यावर. सुटला तर पहिली पळणारी मीच होते आणि हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, वास्तुशांत केल्याशिवाय नव्या घरात कोण जातं? सर चर्चला जाणारे. मला वाटलं, ते हसण्यावारी नेतील. पण ते म्हणाले, "करा की. माझी हरकत नाही. त्याची असली तर तो सांगेल."

मामांनी नारळ आणला, हळदकुंकू वाहिलं आणि दुसरा दगड मिळेना म्हणून प्रयोगशाळेच्या कडाप्प्यावरच, डब्यापासून हातभर अंतरावर, नारळ दाणकन आपटला. कडाप्पा हादरला. कोळी डब्यातून जो सुटला तो थेट नव्या घराच्या मुरुमात!

मामांनी फळी सरकवली आणि सगळ्या वर्गाला खोबरं वाटलं. सरांनी निरीक्षणाच्या वहीत लिहिलं, 'कंपनाला उत्तम प्रतिसाद.'

*

घरात गेला आणि दुसऱ्या दिवशी दिसेनासा झाला. मुरुमात बीळ करून बसला होता, पण ते आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर कॉलेजात बातमी अशी, की साळव्यांचा कोळी सुटलाय. लेडीज रूमला कुलूप लागलं. वर्गात मुलं बाकावर पाय घेऊन बसायला लागली. प्राचार्यांनी स्टाफ मीटिंग घेतली तीही मांडी घालून, खुर्चीवर. आणि त्या मीटिंगमध्ये सगळे बघत होते माझ्याकडे, जसं काही मीच त्याला बाहेर फिरायला पाठवलं होतं.

बारा दिवसांनी मुरुमातून दोन पाय वर आले. मी आयुष्यात कुणाचे पाय बघून इतकी सुखावले नाही.

*

मग खाण्याची चिंता. सर म्हणाले, त्याला जिवंत झुरळं लागतील. झुरळं कुठे मिळतात? हॉस्टेलच्या मेसमध्ये. मी आपली सरळ मेसच्या मॅनेजरकडे गेले आणि आठवड्याला दहाबारा झुरळं मिळतील का, असं विचारलं.

मॅनेजर ताडकन उठले. आमच्या मेसमध्ये एक झुरळ दाखवा, मी राजीनामा देतो, म्हणाले. तुम्हाला असं बोलायला कुणी पाठवलं, म्हणाले. प्राचार्यांकडे तक्रार करतो, म्हणाले आणि खरोखरच केली. मी माफी मागून मागच्या दाराने बाहेर पडले, तर आचारी तिथे तांदूळ निवडत बसला होता. त्याने आतलं सगळं ऐकलं होतं. मान वर न करता त्याने विचारलं, "बारकी पायजेत का मोठाली?"

दर सोमवारी काड्यापेटीतून झुरळं यायला लागली. पण कोळी काही खाईना. नुसता बसून. पोट काळपट पडलेलं, चाल मंद. झुरळं मात्र त्याच्या घरात धष्टपुष्ट झाली.

समितीची तारीख जवळ येत होती आणि माझी झोप उडाली होती. सर रोज दुपारी स्टूल घेऊन काचेसमोर बसायचे, चहा प्यायचे आणि त्याच्याशी बोलायचे. एकटे होते ते, मिशनच्या आवारात एका खोलीत राहायचे. आज अमुक झालं, तमुक असं म्हणाला, असं सगळं त्याला सांगायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, त्याला ऐकू येत नाही."

"म्हणूनच बोलतो," सर म्हणाले.

*

समिती यायची त्या दिवशी सकाळी सर तिला आणायला नगरला गेले होते. मी नऊ वाजता प्रयोगशाळा उघडली. कोळी बिळाबाहेर, चक्क उताणा पडलेला. आठही पाय वर. काचेवर टिचकी मारली तरी हलेना.

मी स्टुलावर बसून रडले. सांगायला लाज कसली? चार महिने मी त्या जनावरामागे घालवले होते, आणि त्याने मरायला नेमका हाच दिवस निवडला. मग डोळे पुसले आणि विचार केला. जिवंत नाही तर नाही, निदान ताजा नमुना तरी दाखवू. उन्हाळ्याचे दिवस, दुपारपर्यंत तो सडला असता. मी फॉर्मेलिनची बाटली काढली, रुंद तोंडाची बरणी धुतली आणि चिमटा घेऊन पुढे झाले.

दगडूमामा घराला पाठ लावून उभे राहिले. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती.

"हात लावायचा न्हाई बाई. सर येऊंद्या."

मी त्यांना समजावलं. मग रागावले. माझी नोकरी जाईल हो मामा, असंही म्हटलं. ते ऐकून त्यांचा चेहरा पडला, पण माणूस जागचा हलला नाही. तो सगळा वेळ मी त्यांच्यासमोर बाटली घेऊन उभी, आणि ते माझ्यासमोर टोपी घेऊन उभे.

अकराच्या सुमाराला जिन्यावर बूट वाजले. सर आणि समितीचे तिघे. मी बाटली पदराआड धरली. मामा बाजूला झाले. अध्यक्ष काचेशी वाकले आणि एकदम बोट ओठावर ठेवून सगळ्यांना गप्प केलं.

कोळ्याची पाठ उकलली होती. जुन्या कातडीतून तो एकेक पाय ओढून काढत होता, अगदी सावकाश, अंगावरचा घट्ट सदरा काढावा तसा. तो कात टाकत होता. कोळी कात टाकतो हे पुस्तकात मीही वाचलं होतं. उताणा पडून टाकतो, हे त्या पुस्तकात नव्हतं. सर काचेसमोर गुडघ्यावर बसले होते आणि त्यांना आमच्यापैकी कुणी दिसतच नव्हतं. पाऊण तासाने एक पोकळ कोळी एका अंगाला पडलेला, आणि शेजारी एक नवाकोरा, फिकट, दमलेला.

अध्यक्षांनी तिथेच माझ्या टेबलावर बसून शिफारस लिहिली. कात टाकताना जनावराला धक्का लागला तर ते मरतं, म्हणाले, मोठमोठ्या ठिकाणी नोकरमाणसं कचरा समजून फेकून देतात. तुमच्याकडे शिपायालासुद्धा प्राणिशास्त्राची जाण आहे, हे त्यांनी अहवालात मुद्दाम घातलं. सही केली. माझी नोकरी कायम झाली ती त्या सहीने.

निघताना त्यांना राहवलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या दगडूमामांना त्यांनी कौतुकाने विचारलं, याला हात लावायचा नाही हे तुम्हाला कसं कळलं?

मामांनी एकदा सरांकडे पाहिलं.

"घरचं मानूस आल्याबिगर उचलत न्हाईत, सायेब."