सात आठे छप्पन्न

चौथीपर्यंतच शिकलो, पण पावकी-दीडकी अजून तोंडपाठ. त्याच गुर्मीत हे घडलं, म्हणून लिहून टाकतो.

मुलगा जळगावला नोकरीला. सून, चार वर्षांची नात आणि मी पारोळ्याजवळच्या गावात. सून कापूस वेचायला गेली की नात माझ्याकडे. मुलाने जुन्या मोबाइलमध्ये लहान मुलांसाठी वेगळं कप्प्यासारखं काहीतरी काढून दिलं होतं. म्हणाला, "आबा, यामा वाईट व्हिडिओ मशीनच ओळखस आनि बाजूले ठेवस." मी म्हणालो, "माझ्या नातीला काय दाखवायचं, हे मशीन ठरवणार?"

एका दुपारी तिला मोबाइलवर सशाचं नवं हलतं चित्र हवं होतं. तेच तेच येत होतं. मी कुलपाच्या खुणेवर बोट ठेवलं. मशीनने विचारलं, सात गुणिले आठ किती? मोठ्या माणसानेच उत्तर द्यावं, असंही खाली लिहिलेलं. मला वाटलं, हे माझं शिक्षण तपासतंय. छप्पन्न टाकले, कुलूप उघडलं. नातीला म्हणालो, "पाह्य, तुना आबा पास व्हयना!" आणि ती राखण मी बंदच करून टाकली.

सशाची चित्रं भरपूर आली. रंगीत, गाणी लावलेली. मी बाजूला सुपारी कातरत बसलो. ती रडली तेव्हा पाहिलं. म्हातारा ससा विळ्याने पिल्लाचे कान कापत होता, आणि वर हसत होता.

तेव्हापासून मी गुरांसाठी चारा कापायला विळा घेतला की पोर किंचाळते. माझ्याजवळ झोपत नाही. केस विंचरू देत नाही, कान दोन्ही हातांनी झाकते.

रविवारी मुलगा आला. कुलूप उघडं पाहून बायकोवर तडकला, "तूच काही तरी दाबं व्हई! मशीन आपोआप उघडत नही."

"मी हात बी नही लावा," ती म्हणाली.

"मंग काय भुताने लावा?"

मी समोरच जेवत होतो. भाकरी मोडली, भाजीत बुडवली, खाल्ली. सासरा म्हणून माझा शब्द घरात कुणी खाली पडू देत नाही, आणि तोच शब्द मी गिळला.

पुढच्या रविवारपर्यंत सून खाली मान घालून वाढत राहिली. मग मुलगा आला तेव्हा ताटावर बसलो आणि सांगितलं, "ते मी केलं. गणित मीच सोडवलं."

मुलगा हसला. "आबा, गणित तं बरोबरच सोडवं तुम्ही!"

सून हसली नाही. पदर सावरत म्हणाली, "आठ दिन काबरं चूप बठनात, आबा?"

मी ताटावरून उठलो, हात धुतले, ओट्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने नात दारापर्यंत आली. मला पाहिलं, कान झाकले, आणि आत आईकडे गेली.