दम घेऊ लागली की काढायची

अकोल्याच्या मिशन बंगल्यातल्या स्वयंपाकघरात भिंतीवर मोठं घड्याळ होतं, पण सुंदराबाईनं ब्राऊनी भाजताना त्याच्याकडे कधी पाहिलं नाही. ब्राऊनी म्हणजे कोकोचा काळपट, चपटा केक. सत्तावन्न साली ती कामाला लागली, त्याच वर्षी अमेरिकेहून आलेल्या मिसबाईंनी तिला तो शिकवला. अक्रोड मिळत नसत, म्हणून त्यात भुईमुगाचे दाणे पडत. भट्टी म्हणजे समोर दार असलेली पत्र्याची पेटी. खाली शेगडी, वर पत्र्यावर निखारे.

"खराट्याची धुतलेली काडी मध्यभागी खुपसा," मिसबाई आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या होत्या. "काडी कोरडी आली, तर आपल्याला उशीर झाला. थोडा ओला चुरा लागला पाहिजे."

सुंदराबाईला ते भोसकणं आवडलं नाही. दोन-चार वेळा भाजल्यावर तिच्या लक्षात आलं, की ब्राऊनी बोलते. दार किलकिलं करून डावा कान जवळ नेला, की आतून कुजबुज येई, कोरड्या मातीत पाणी मुरताना येते तशी. कच्ची असताना ती एकसारखी बोले. मग मध्येमध्ये थांबे, पुन्हा सुरू होई. पार गप्प झाली तर कडक होई. बोलता बोलता दम घेऊ लागली, की काढायची. सात वर्षांत सुंदराबाईची एकही ब्राऊनी बिघडली नाही, आणि एकीलाही भोक पडलं नाही. मिशनच्या वसतिगृहातल्या मुली म्हणत, "सुंदराबाईच्या कानानं भाजलेली."

चौसष्टच्या दिवाळीनंतर एका मुलीच्या वाढदिवसाला ब्राऊनी दम घेईना. सुंदराबाई कान लावून बसली. आतलं बोलणं संपत नव्हतं. धूर आला तशा मिसबाई धावत आल्या. दार उघडलं, तर कडा जळून काळ्या पडलेल्या आणि मधला भाग विटेसारखा.

"सुंदराबाई, आज आपण झोपला होता काय?" मिसबाई हसून म्हणाल्या.

सुंदराबाई हसली नाही. त्या जळक्या ताटातून अजून बोलणं येत होतं.

दुसऱ्या दिवशी धुऊन पालथ्या घातलेल्या ताटातूनही ते बोलणं आलं. मग मैद्याच्या डब्यातून. मग भिंतीतून. एका दुपारी घरी तिची दोन वर्षांची नात मैना पालथी झोपली होती. सुंदराबाईनं सहज तिच्या पाठीला कान लावला. तिथंही तेच, एकसारखं, दम न घेता. 'अजून कच्ची आहे,' असं मनात आलं मात्र, तिनं पोरीवरचा हात झटकन मागे घेतला.

हे सांगायचं कुणाला? छप्पन साली धम्म घेतल्यावर तिचा नवरा किसनराव देव्हाऱ्यातले सगळे टाक फडक्यात बांधून मोर्णा नदीत सोडून आला होता. "आता आपल्या घरी देव नाई, भूत नाई, अंगात येनं नाई," तो म्हणाला होता. सर्वांत जास्त आनंद सुंदराबाईलाच झाला होता. नांदगाव खंडेश्वरला तिच्या सासूच्या अंगात येई, केस मोकळे सुटत, गल्ली हात जोडून उभी राही. हे सगळं ढोंग असतं, असं सुंदराबाई बायांना ठासून सांगत आली होती. आता तिनंच म्हणायचं, की मले डबा बोलते?

नाताळ जवळ आला. चाळीस मुली होत्या. मिसबाई हळूच म्हणाल्या, "या वर्षी बेकरीतून बिस्किटे आणू का? आपल्यालाही विश्रांती."

"नाई मिसबाई, मीच करते," सुंदराबाई म्हणाली. त्या स्वयंपाकघरात तिला जी किंमत होती ती त्या एका कानाची होती. विश्रांती हा शब्द तिला बरोबर कळला होता.

अंडीवाली खुर्शीदबी टोपली घेऊन मागच्या दाराशी आली, थेट आत शिरली आणि तिनं सुंदराबाईच्या डाव्या खांद्यावर थाप मारली. सुंदराबाई दचकून उठली.

"अवं, तीन हाका मारल्या! बहिरी झाली का? तुयापेक्षा माही बकरी बरी, हाक मारली का मान तं हालवते."

"आलाच नाई आवाज."

"इकून बोललं का तुले ऐकूच येत नाई. महिना झाला पाहून राहिली मी."

खुर्शीदबी अंडी मोजायला बसली आणि बोलतच राहिली. सुंदराबाईनं उजव्या कानावर तळवा दाबला. खुर्शीदबीचे ओठ हलत होते. बाहेर मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या, त्यांची तोंडं उघडत होती, मिटत होती. सगळं जग विझलं, आणि त्यामागे ताट बोलत राहिलं.

त्या संध्याकाळी किसनराव जेवायला बसला, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. खाली मान घालून, एका दमात. आता तो चिडेल म्हणून थांबली.

किसनरावानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "कसा येते आवाज?"

"कोनी बारीक बोलून राहिलं असं. थांबतच नाई."

"माह्या कानात शिटी हाय," तो म्हणाला. "सात वर्सं झाली."

किसनराव जिनिंग कारखान्यात कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांवर होता. तिथल्या खडखडाटात दोन माणसं शेजारी उभी राहूनही हातवाऱ्यांनीच बोलत.

"सात वर्सं? अन् मले सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू? देव मीच पान्यात टाकले. अन् मीच म्हनू, मले कोनी शिटी मारून राहिलं? नत्थुजीले येते. देवरावले येते. बहुतेक समद्याइलेच येत असन. कोनी बोलत नाई."

सुंदराबाई दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. गल्लीत जिनिंगची माणसं आपापल्या ओट्यांवर बसली होती. उजेड अजून होता. नत्थुजी मान किंचित कलती करून बसला होता. त्याच्यापुढच्या ओट्यावर देवराव, त्याचीही मान तशीच. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. रोज ती या माणसांसमोरून जायची आणि तिला वाटायचं, दमलेली आहेत.

नाताळच्या आदल्या दिवशी ती मिसबाईंसमोर उभी राहिली. "मिसबाई, माहा कान गेला. आज खुर्शीदबीचा घेते."

खुर्शीदबी टोपली ठेवून पेटीपुढे उकिडवी बसली, पदर सावरला, कान लावला आणि एकदम मागे सरकली.

"या अल्ला! हे तं खरंच बोलून राहिलं!"

"बोलू दे. दम घेतला का सांग."

सुंदराबाई हातात फडकं घेऊन तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिच्या स्वतःच्या कानात एकच चाललं होतं, कच्ची, कच्ची, कच्ची.

बऱ्याच वेळानं खुर्शीदबीनं बोट वर केलं. "घेतला."

"नक्की?"

"घेतला म्हनते ना! पुन्हा घेतला पाह्य."

सुंदराबाईचा हात पुढे जाईना. कान सांगत होता, थांब. तिनं डोळे मिटले, दार उघडलं आणि ताट ओढून बाहेर काढलं. सुरी घातली. पात्याला ओलसर चुरा लागला, जेवढा लागायला हवा तेवढाच. मिसबाईंनी तो बोटानं पुसून चाखला. "बेकरी नको," त्या म्हणाल्या आणि मुलींना बोलवायला गेल्या.

सुंदराबाई वळली. ताट बाहेर येऊन पाच मिनिटं झाली होती. खुर्शीदबी अजून रिकाम्या पेटीला कान लावून बसली होती, कपाळाला आठी घालून.

"काय वं?"

"काई नाई," खुर्शीदबी म्हणाली. तिनं टोपली उचलली आणि खाली बघत दाराकडे निघाली.

सुंदराबाई तिच्या वाटेत आडवी झाली, आणि मान वळवून उजवा कान तिच्या तोंडाशी नेला.

"मले सांग," ती म्हणाली.