गादीची तपासणी

मस्तगडातले गादीवाले चाचा त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्या अंगणात बसले होते. संध्याकाळी वाटूरहून नणंदबाई सहकुटुंब मुक्कामाला यायच्या होत्या, आणि दोन गाद्या भरायच्या होत्या. सकाळपासून माझी नुसती धावपळ चालली होती. चाचांनी पहिली गादी भरली, लांब सुईने टाके घातले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि तिच्यावरच आडवे झाले.

“चाचा, पाहुणे येऊन राह्यलेत आन् तुम्ही झोपता?”

“झोपलो न्हाई बेटी, गादी तपासून राह्यलो. ताज्या माणसाला फरशीबी चालती. गादी कळती ती थकल्या पाठीलाच.”

थोड्या वेळाने ते टवटवीत होऊन उठले. कंबरेपाशी थोडी शिवण उसवून त्यांनी मूठभर कापूस आत सारला. दुसरी गादी शिवल्यावर मात्र त्यांनी ती थेट आतल्या खोलीत नेऊन टाकली.

“ही न्हाई तपासायची का?” मी चिडवलं.

“मी तर मघाशीच ताजा झालो. सकाळपासून तुम्हीच उभ्या आहात. ही तुम्ही तपासा.”

ते हात धुवायला नळावर गेले. मी म्हटलं, जरा पाठ टेकावी.

डोळे उघडले तेव्हा चाचा निघून गेले होते, आणि अंगणात नणंदबाई आमच्या ह्यांच्या हातचा चहा पीत होत्या.

गादी बिलकुल बराबर झाली होती.