कडा न कापणारा तोराकिची

माणसानं होडी राखावी, जाळं राखावं, नाहीतर गप घरात पडावं. तोराकिचीनं कॅमेरा राखला. सदऱ्याच्या खिशात मावेल एवढंसं डबडं, रुंद भिंगाचं. अख्खं बंदर मासे उतरवण्यात गुंतलेलं असायचं आणि हा बाबा कुणाच्या तरी टाकून दिलेल्या गमबुटापुढं उकिडवा. गटाराचं झाकण, सायकलचं सीट, मांजराचं बूड, जे दिसेल त्याचा फोटो. डोळ्याला लावायचीही तसदी नाही. चालता चालता कमरेपासूनच खटका दाबायचा, स्वतःशीच खुदकन हसायचा आणि पुढं.

"काय आलंय ते धुऊन आल्यावर कळतंय, त्यातच खरी मज्जा," म्हणायचा.

"डोळं झाकून ताटात हात घालायचा आन् काटा घशात अडकला की नाचायचं," त्याची बायको मिनेको म्हणायची. दिवसभर माशांची पोटं फाडून, मिठाच्या पाण्यात बुचकळून ती जाळीवर वाळत घालायची. घर त्यावर चालायचं.

त्याचा एकच नेम होता. चौकटीत जे आलं ते आलं, कड कापायची नाही. जन्मभर दुसरं काही धड पाळलं नाही, पण हे पाळलं.

शेजारच्या हमाझाकीची बायको गेली तेव्हा अंत्यविधीत पुढं ठेवायला तिचा धड फोटोच सापडेना. गरम पाण्याच्या कुंडावर सहलीला गेलेल्या बायकांच्या घोळक्याच्या फोटोतून तिचं मुंडकं कापलं आणि फोटोवाल्या ओकाबेनं ते काळ्या किमोनोवर चिकटवलं. किमोनो दुसरीचा, मान कलती, खांद्यावर कुण्या मैत्रिणीची दोन बोटं तशीच राहिलेली. लोक उदबत्ती लावून त्या बोटांकडंच बघत होते.

मिनेकोच्या पित्ताशयात खडे निघाले होते. ऑपरेशनची तारीख पडली होती. हमाझाकीकडनं घरी येऊन तिनं नवऱ्यापुढं चहा आदळला.

"आवं, तुमी जन्मभर गटारं काढली. आता माजा एक फोटो काढा. नाकीडोळी सरळ. मी उठले न्हाई तर माजं मुंडकं कुनाच्या धडावर बसायला नगं."

"एवढंच ना?" तोराकिचीला चेव चढला.

तिनं स्वतःचा काळा किमोनो अंगावर चढवला, केस चापून बसवले, अंगणात ताठ बसली. हा वीतभरावर आला आणि खटका दाबला. फोटो धुऊन आले तेव्हा नाक वांग्याएवढं आणि कान मुगाएवढे.

"लांबनं काढा की!"

लांबनं काढला. अंगण आलं, पाण्याची टाकी आली, कौलावरचा कावळा आला. मिनेको तेवढी शोधावी लागली.

"ह्या भिंगाला जवळच जावं लागतंय गं."

"मग त्या भिंगाशीच लगीन करायचं हुतं!"

ती तडक ओकाबेकडं गेली. त्यानं पडद्यापुढं बसवलं, हनुवटी वर, खांदे खाली. आठवड्यानं फोटो दिला तर हनुवटीवरचा तीळ गायब, सुरकुत्या गायब, चेहरा सोललेल्या उकडल्या अंड्यासारखा.

"ही कोन म्हनायची?" मिनेको म्हणाली. "हिच्यापुढं कोन रडंल? हिला तर कुनी वळखायचं न्हाई."

मग नाक मुरडत तिनं नवऱ्याचा फोटोंचा खोका जमिनीवर उपडा केला. त्या राशीत ती जागोजागी होती, पण तुकड्यातुकड्यात. कुठं कोपर, कुठं पाठ, कुठं सुरीसकट हात. कंटाळून झाकण लावायला निघाली आणि एक फोटो हाताला लागला. ती जाळीपुढं उभी, सुरी उगारलेली, तोंड वासून ओरडतेय. तीळ आहे, सुरकुत्या आहेत, नाक नाकाएवढं आहे. आणि उजव्या कडेला हमाझाकीचा लोकरी पायजमा, बुडावरच्या भोकासकट, रुंद भिंगानं बाम माशासारखा लांबलचक ताणलेला.

"ह्योच," ती म्हणाली. "मला ठेवा, पायजमा कापा."

तोराकिची म्हणाला, "न्हाई कापायचा."

"आवं, मेल्यावरबी मला त्या पायजम्याशेजारी बसवनार? लाज न्हाई वाटत?"

"तू कुनावर वरडतीस त्यात, आठव की. वाऱ्यानं त्येचा पायजमा उडून तुज्या माशांवर पडला हुता. त्यो काढला तर मागं काय उरलं? सुरी घिऊन उगाच बोंबलनारी येडी बाई."

मिनेकोनं फोटो उजेडाला धरला. मासे फेकून द्यावे लागले होते त्या दिवशी. पुन्हा रागानं तिचं तोंड लाल झालं, अगदी फोटोतल्यासारखं.

"जन्मात एकदा खरं बोललात," ती म्हणाली.

ओकाबेनं चौकट करायला खळखळ केली. "मिनेकोबाई, गेलेल्या मानसाचा फोटो उभा असतो. ह्यो आडवा. वर सुरी. वर पायजमा."

"मी काय गेलीया अजून? आडवी चौकट कर. आन् काचंखाली एक सूतबी कापलंस तर बघ."

चौकट घरी आली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी हमाझाकी निरोपाला आला. फोटो जवळून निरखला. मग त्याचे कान लाल झाले.

"वैनी," तो म्हणाला, "ह्यापुढं लोक हात जोडनार, उदबत्ती लावनार. आधी सांगितलं असतंत तर बिनभोकाचा वाळत घातला असता की वो."

मिनेकोनं त्याला दाराबाहेर घालवला आणि दवाखान्याची पिशवी भरायला घेतली.