रूलोफ आणि तेरा तारा

मेपेल या डच गावातल्या त्या गल्लीत बेचाळीस घरं आहेत आणि त्यांतल्या एकेचाळीस घरांच्या मोटारींना कॅरव्हॅन, म्हणजे सुट्टीला न्यायची चाकांवरची खोली, ओढायचा मागचा हुक रूलोफ हिडिंगनं बसवलेला आहे. बेचाळिसाव्या घरात चर्चच्या पाद्रीबाई राहतात. त्या सायकलनं जातात.

रूलोफनं अडतीस वर्षं बसडेपोत विजेची कामं केली. निवृत्त झाल्यावर त्यानं काम सोडलं, पण कामानं काही त्याला सोडलं नाही. गल्लीत कुणी नवी मोटार घेतली की ती आधी रूलोफच्या दारात उभी राहायची, मग मालकाच्या. रूलोफ मागचा बंपर उतरवायचा, खाली आडवी लोखंडी पट्टी बोल्टांनी आवळायचा, बंपरला खालून खाच पाडायचा. हे सगळं तो शीळ घालत करी. शीळ थांबायची ती तारांपाशी. तेरा तारा, तेरा रंग, आणि त्या सगळ्या हुकाशेजारच्या एका वाटीएवढ्या सॉकेटात जायच्या; कॅरव्हॅनचे दिवे त्यांच्यावरच लागायचे. "लोखंड काय, कुणीही बसवेल," तो म्हणायचा.

शेवटी परीक्षा. एकानं गाडीत बसून दिवे लावायचे, दुसऱ्यानं कॅरव्हॅनच्या मागे उभं राहून ओरडायचं: डावा, हो. ब्रेक, हो. मागे उभा राहणारा नेहमी रूलोफच. आणि त्याचा नियम असा, की डोळ्यांनी बघितल्याशिवाय 'हो' म्हणायचं नाही. शेजारच्या लुबर्टनं एकदा त्याच्या जागी उभं राहून घाईत नुसतंच 'हो' म्हटलं, तर रूलोफ आठवडाभर त्याच्याशी बोलला नव्हता.

तर या रूलोफनं चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपल्या मुलीच्या गाडीला हुक बसवला. रेन्स्का त्याची एकुलती एक. जवळच्या झ्वोले शहरात इस्पितळात नर्स. नवरा मागच्या वर्षी वेगळा झाला. जाताना हुकवाली मोठी गाडी घेऊन गेला आणि कॅरव्हॅन ठेवून गेला. रेन्स्का म्हणाली, ठीक आहे, मीच नेते. दोन पोरं, बारा वर्षांची जुनी गाडी, मागे कॅरव्हॅन, आणि शनिवारी सकाळी सहाला फ्रान्सकडे. एकटी चालवणार. अकराशे किलोमीटर.

बुधवारी गाडी रूलोफकडे आली. नवा तारांचा जुडगा आणायचं त्याच्या मनातही आलं नाही. लुबर्टच्या कुठल्याशा विकून टाकलेल्या गाडीसाठी आणलेला जुडगा शेडमध्ये कॉफीच्या डब्यात चौदा वर्षं पडून होता. धडधाकट वस्तू घरात असताना दुसरी आणायची म्हणजे तिकडे जवळजवळ पापच. नव्या जुडग्यात प्रत्येक तारेवर नंबर छापलेला असतो. या जुन्यावर नुसते रंग होते. कॅरव्हॅन गावाबाहेर होती, तेव्हा परीक्षा शुक्रवारवर राहिली आणि संध्याकाळी रेन्स्का गाडी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "बाबा, तू केलंयस ना, मग मला बघायचंही नाही."

गुरुवारी सकाळी हेनीनं, त्याच्या बायकोनं, कॉफी ओतली, एकेक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. मग ती टेबलाखाली बघत म्हणाली, "रूलोफ, ही कुठली फॅशन?"

"कसली?"

"एक मोजा हिरवा, एक निळा."

रूलोफ हसला. पाय वर करून बघितलं. दोन्ही मोजे त्याला सारखेच दिसत होते, मळकट, काळपट. मग त्याचं हसू तिथंच राहिलं आणि कपही ओठांपाशी पोचला नाही.

हिरवी तार उजव्या बाजूच्या इंडिकेटरची. निळी तार मागच्या धुक्याच्या दिव्याची. काल शेडमधल्या त्या अंधूक उजेडात त्यानं दोन्ही लावल्या होत्या, एकेक बघून. बघून?

"बिस्किट खात नाहीस?" हेनीनं विचारलं. पन्नास वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिला कधी विचारावा लागला नव्हता.

"पोट जरा जड आहे."

दिवसभर त्याला काही सुचेना. रेन्स्का हायवेवर उजवीकडे येते आहे. मागच्या ट्रकवाल्याला उजवा दिवा दिसतच नाही. त्याऐवजी लाल काहीतरी लुकलुकतंय. मागच्या सीटवर पोरं. हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे अगदी स्वच्छ दिसत होतं. बाकी काही नसलं तरी.

दोनदा फोन उचलून खाली ठेवला. सांगायचं काय? की गेले सहा महिने बाबाला रंग नीट दिसत नाहीत? की ऑक्टोबरात पंचाहत्तरी, मग लायसन्ससाठी डॉक्टरांची तपासणी, म्हणून बाबा गप्प बसला? शेडमध्ये जाऊन त्यानं उरलेले तारांचे तुकडे दारातल्या उन्हात धरले. एक हिरवा असावा. किंवा दुसरा.

लुबर्ट कुंपणावरून डोकावला. "काय रे, तारा वाळत घालतोस?"

"तुला काय करायचंय?"

"मला नाही, रेन्स्काला. तुझ्या हातचा हुक म्हणजे काळजी नको, असं कालच सांगितलं मी तिला."

रूलोफनं तुकडे खिशात घातले.

शुक्रवारी दुपारी बापलेक गावाबाहेरच्या शेतकऱ्याच्या कोठारातून कॅरव्हॅन आणायला गेले. हिवाळाभर कॅरव्हॅनी तिथंच असतात, गाईंच्या शेजारी. हुकावर कॅरव्हॅन बसली, खट्ट असा नेटका आवाज झाला. कॅरव्हॅनचा प्लग फिरवून सॉकेटात गेला. लोखंडाची बाजू निर्धास्त होती.

"बस आत," रूलोफ म्हणाला आणि मागे जाऊन उभा राहिला. ऊन थेट दिव्यांच्या काचांवर पडलं होतं.

"डावा?" रेन्स्कानं खिडकीतून विचारलं.

डाव्या कडेला काहीतरी उघडझाप करत होतं, अगदी टोकाला, जिथं करायला हवं तिथं. "हो."

"ब्रेक?"

"हो."

"उजवा?"

रूलोफ बघत राहिला. सगळी काच चकाकत होती. काही लुकलुकत होतं का? होतं. टोकाला की मधे? पिवळट की लाल? त्यानं कपाळावर हात धरला, दोन पावलं पुढे गेला, एक मागे आला.

"बाबा? उजवा?"

'हो' म्हणायला एक अक्षर लागलं असतं. आयुष्यात शेकडो वेळा ते तोंडातून गेलं होतं. रेन्स्कानं ते ऐकून उद्या निर्धास्त गाडी काढली असती.

"खाली उतर," तो म्हणाला. "मी आत बसतो. तू बघ."

"का? काय झालं?"

"मला दिसत नाही, रेन्स्का. रंग कळत नाहीत मला. परवा तारा मी अंदाजानं लावल्यात."

ती उतरली. दार उघडं ठेवून मागे जाऊन उभी राहिली. तो गाडीत बसला, उजवा इंडिकेटर लावला आणि समोर भिंतीकडे बघत राहिला. टिक टिक टिक.

"बाबा," मागून आवाज आला, "मधला लाल दिवा लुकलुकतोय. उजवा बंद आहे."

रूलोफनं डोळे मिटले. मग उतरला, पेटीतून पाना काढला आणि सॉकेटसमोर गुडघे टेकले. तीन बोल्ट काढून सॉकेट बाहेर ओढलं. रेन्स्का शेजारी उकिडवी बसली.

"हिरवी दाखव."

"ही."

"नक्की?"

"बाबा, मी रोज लोकांना रंग बघून गोळ्या देते."

"निळी?"

"ही. कधीपासून दिसत नाही?"

"ख्रिसमसपासून असेल."

"आणि गाडी चालवतोस."

"बेकरीपर्यंत."

"मागच्या आठवड्यात आईला घेऊन सत्तर किलोमीटरवर ग्रोनिंगेनला गेला होतास."

रूलोफ स्क्रू आवळत राहिला. "मी आल्यावर तुझे डोळे दाखवायचे," ती म्हणाली. "तोवर आई चालवेल."

"आई? ती गिअर टाकताना माफी मागते."

"मग मागू दे."

या वेळी मागे रेन्स्का उभी राहिली. उजवा, हो. धुक्याचा, हो. सगळे दिवे त्यानं तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले, तरी परतीच्या सात किलोमीटरांत तो तिच्या शेजारी बसून आरशात बघत होता.

रात्री रेन्स्का आणि पोरं रूलोफकडेच झोपली आणि डोळ्यांचं हेनीलाही कळलं. शनिवारी सहाला अर्धी गल्ली कॉफीचे कप घेऊन दारात उभी होती. पोरांनी हात हलवले. गाडी निघाली, मागे कॅरव्हॅन झुलत गेली. गल्लीच्या टोकाशी हायवेला डावीकडे वळायचं असतं. रेन्स्का थांबली आणि तिनं उजवा इंडिकेटर लावला.

"घ्या," लुबर्ट म्हणाला. "पोरीला अजून फ्रान्स कुठं ते ठाऊक नाही."

रूलोफनं हेनीचा दंड धरला. "लागलाय?"

"लागलाय."

"टोकाला? बघून सांग."

"अगदी टोकाला. नारिंगी." हेनीनं डोळे बारीक केले. "आता बंद केला. आता डावा लावला."

"कुठला रंग?"

"तोही नारिंगी रे. चल आत, मोजे बदल."