आपोआप उतरणारा टप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शेजारच्या काकांच्या गाडीचा टप आपोआप उतरायचा, त्यात कुणाचाही हात नव्हता. त्यामागे फक्त माझी चूक होती.

मी इकडे तमिळ मुलखात, ओरगडमच्या एका कारखान्यात हायड्रॉलिक सिलिंडर तपासतो. वेलचेरीत आमच्या इमारतीला लागून काकांचं बैठं घर आहे. ते तंजावरकडचे मराठी, बोलणं जुन्या वळणाचं आणि वर तमिळचा हेल. मला ते तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ, आणि मी त्यांना काका म्हणतो. हिशेबात न बसणारं नातं, पण आमचं चालतं. पुराच्या भीतीने जोतं उंच करून बांधलेल्या शेडमध्ये त्यांची साठेक वर्षांची परदेशी गाडी असते, कापडी टपाची. बटण दाबलं की पंप घुरघुरतो आणि दोन बाजूंचे दोन सिलिंडर टप उचलतात. काकू गेल्या त्या वर्षी ते सिलिंडर गळायला लागले.

मीच म्हटलं, मी करतो. तीन रविवार लागले. नळ्या बदलल्या, सिलिंडर खोलले, आत आमच्या कारखान्यातल्या रबरी रिंगा घातल्या. मापात अगदी चपखल बसल्या. तेल मात्र शेडमधल्या डब्यात काकांनी ठेवलेलं होतं तेच ओतलं, कुठलं ते न बघता. त्या काळच्या गाडीत टपालाही ब्रेक ऑइल लागतं, आणि आमच्या रिंगा त्यात फुगतात. नव्या माणसांना हे मी पहिल्याच दिवशी शिकवतो.

पंधरा दिवसांनी एका दुपारी आम्ही पायरीवर कॉफी पीत बसलो होतो. टप लावताना मधेच अडकला होता, किल्ली काकांच्या खिशात होती. वारा अजिबात नव्हता. वीसेक मिनिटांनी शेडमधून कुणीतरी श्वास सोडावा तसा आवाज आला आणि टप सावकाश, जपून, पुढच्या काचेवर येऊन टेकला. काकू बसायच्या त्या सीटवर सावली आली.

काका हलले नाहीत. “तिला ऊन सोसत नव्हतं,” म्हणाले. “मी टप उघडा ठेवायचो, ती न बोलता लावून घ्यायची.”

निघताना मला मडगार्डवर सांडलेल्या थेंबाखाली रंग फोडासारखा उठलेला दिसला. रंग असा खातं ते ब्रेक ऑइल. मग सगळंच कळलं: फुगलेल्या रिंगा टप मधेच धरून ठेवत होत्या आणि मग हळूहळू सोडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो. काका दाढी करून, इस्त्रीची वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसून गाडीत बसले होते. वर्षभरात त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. आजही आली होती, म्हणाले. मी गप्प बसलो. दया आली म्हणून, असं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं. माझी चूक काकूंच्या नावावर गेली होती. आणि कारण ठाऊक असूनही त्या शेडकडे पाठ करून चालणं मला जमेना.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, काकांनी गाडी धुतली, चाकांखाली लिंबं ठेवली. माझी पान्यांची पेटीही हौसेने पूजेत मांडली. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नसतं. त्याच सकाळी टप नेहमीपेक्षा उंच अडकलेला दिसला. रिंगा फुगून सिलिंडरात पार आवळल्या होत्या, आता सुटला तर धाडकन सुटणार. पाने पूजेत आहेत, आज काय करणार, असं मनाशी म्हणून मी घरी आलो. पण “काका, आज त्यात बसू नका,” एवढं म्हणायला पाना लागत नव्हता.

दुपारी तो श्वासाचा आवाज आला नाही. दणका आला, आणि मागोमाग काकांची हाक. त्यांचा डावा हात काचेच्या कडेवर होता. दोन बोटं चिरडली.

दवाखान्यात ते माझ्याकडे बघत म्हणाले, “तिने हात धरला होता, तंबी. मीच ओरडून ओढून घेतला.”

योग्य रिंगा मिळायला महिना लागला. काका पट्टी बदलायला गेले होते तेव्हा त्या बसवल्या, आणि नंतर जरा तेलपाणी केलं एवढंच सांगितलं. आता टप बटणाबरोबर चालतो, बटण सोडलं की थांबतो, आणि थांबला तिथेच राहतो.

काका अजूनही दुपारी टप अर्ध्यावर ठेवून आत बसतात. काचेच्या कडेवर तोच हात ठेवतात, न वळणाऱ्या दोन बोटांचा. मी पायरीवरून बघतो. तासभर काही हलत नाही.

“रुसली,” काल म्हणाले. “मी हात ओढला ना.”

मी कॉफी संपवून उठलो.

टप माझ्यामुळे उतरत होता आणि माझ्यामुळेच थांबला. त्यांनी हात ओढला म्हणून कुणी यायचं थांबलेलं नाही. एवढं त्यांच्यासमोर बसून सांगणं, हे माझं देणं आहे. अजून सांगितलेलं नाही.